बोळ विकताय, पण मोजला कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पडीक बोळातून पालिकेला उत्पन्न’ ही बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. पेठेतला घरांमागचा बोळ लगतच्या घरवाल्यांना विकून टाकण्याचा नगरपरिषदेचा ठराव बातमीदाराने जसा झाला तसा दिला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर होतो, आणि ज्या बोळाबद्दल हा ठराव झाला तो बोळ मी स्वतःच्या हाताने मोजलेला आहे. म्हणून लिहितो आहे.

नगर भूमापन (सिटी सर्व्हे) कार्यालयातून परिरक्षण भूमापक, म्हणजे मोजणीच्या नोंदी अद्ययावत ठेवणारा, म्हणून मी निवृत्त झालो. 1987 साली आमच्याच गावाचे नगर भूमापन चालू होते. नोकरीत नवा होतो, त्यामुळे पेठेतली किचकट मोजणी माझ्या गळ्यात पडली. (स्वतःच्या गावात मोजणीला उभे राहू नये, हे शहाणपण मला नंतर आले.) दोन आळ्यांतल्या घरांच्या पाठी एकमेकींकडे आणि मधोमध हा बोळ. लांबी 212 फूट. पूर्वेच्या तोंडाला रुंदी सहा फूट दोन इंच, पश्चिमेला पाच फूट दहा इंच. कागदावर आम्ही मीटर लिहीत होतो, पण दारादारांतून लोक विचारायचे ते फुटात, म्हणून माझ्या वहीत दोन्ही आकडे आहेत. ती वही अजून माझ्याकडे आहे.

हा बोळ मुळात कशासाठी सोडला होता, हे चाळिशीच्या आतल्या वाचकांना बहुधा सांगावे लागेल. तेव्हा घरोघरी टोपलीचे संडास होते. संडासाच्या मागच्या भिंतीत तळाला एक झडप असे, ती बोळात उघडायची. पहाटे गाव जागे व्हायच्या आत नगरपालिकेचे सफाई कामगार, त्यांत बायाच जास्त, या सहा फुटांतून आत शिरायचे आणि टोपल्या डोक्यावर घेऊन बाहेर पडायचे. मी लहान असताना चेंडू बोळात गेला तर आम्ही तो सोडून द्यायचो, नवा मागितला तर घरात मार बसायचा, पण आत जायची कुणाची छाती नव्हती. त्या वेळच्या मुंबई सरकारने 1949 साली या कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली होती. कोरड्या संडासांवर बंदी घालणारा कायदा यायला मात्र 1993 उजाडले. आमच्या पेठेत त्याआधीच टाक्यांचे संडास आले, झडपा विटांनी बुजल्या आणि बोळ मोकळा झाला. ज्या जागेत पाय ठेवायला गाव तयार नव्हते, त्या जागेवरून आता हाणामाऱ्या होतात.

हाणामारी म्हणालो ते उगाच नाही. बोळाच्या मध्यावर समोरासमोर दोन घरे आहेत. एकाने माडीवर जायचा जिना बोळात उतरवला आहे. समोरच्याने शौचालयाची टाकी बोळाखाली घेतली आहे. जिनेवाल्याची तक्रार टाकीबद्दल, टाकीवाल्याची तक्रार जिन्याबद्दल, आणि गंमत अशी की दोघांच्याही तक्रारी शंभर टक्के खऱ्या. अकरा वर्षे नगरपरिषदेत अर्ज पडत होते. बांधकाम विभागाने दोघांनाही नोटिसा दिल्या, दोघांनीही खुलासे दिले, आणि फाइल जाडजूड होत गेली. एकदा प्रकरण पोलीस चौकीतही गेले होते. दोघेही माझ्या ओळखीचे, दोघेही दिवाळीला फराळाला बोलावतात, म्हणून याहून जास्त खूण सांगत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे आमच्याकडे प्रशासक होते. त्यांच्या काळात हा वाद सुटला नाही. निदान बोळ विकायला तरी निघाला नव्हता. नवे सभागृह आले आणि तिसऱ्याच सर्वसाधारण सभेत तोडगा निघाला: बोळ मधोमध कापायचा, तीन फूट इकडे, तीन फूट तिकडे, आणि रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराने लगतच्या धारकांना देऊन टाकायचा. नुसता त्या दोघांपुरता नव्हे, सगळा बोळ. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असे आपण म्हणतो. इथे दोघांची गट्टी जमली आणि तिसरा नागवला गेला. तो तिसरा म्हणजे गाव. अकरा वर्षे एकमेकांचे तोंड न पाहणारे ते दोघे त्या दिवशी माझ्यापुढच्या बाकावर शेजारी शेजारी बसून चहा पीत होते.

आता ठराव कसा झाला ते पाहा. विषयपत्रिकेवर 23 विषय होते. बोळ त्यात नव्हता. तो शेवटी ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून आला. तोवर दीड वाजून गेला होता आणि बरेच सदस्य जेवायला उठले होते. एकूण सदस्य 20. मी दोनदा मोजले, सभागृहात 11 होते. ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ असा लिहिला गेला आणि अकरा जणांपुरते ते खरेही आहे. पण 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाचे कलम 92 म्हणते की स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायची तर शासनाची मंजुरी लागते, आणि तो प्रस्ताव पाठवण्यासाठी एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण. वीसचे दोन तृतीयांश म्हणजे चौदा. तीन वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला कायद्याने थोडी मोकळीक दिली आहे, पण तिथेही पक्के बांधकाम करता येत नाही. जिना आणि टाकी यांहून पक्के काय असते?

कायद्याचे मी बाजूला ठेवतो. त्यासाठी वकील आहेत, आणि आमच्या सभागृहात दोन वकील सदस्यही आहेत (ते दोघेही जेवायला गेले होते). मला बोलायचे आहे ते ठरावातल्या एका शब्दावर. तो शब्द म्हणजे ‘अंदाजे’. ठरावात बोळाचे क्षेत्र ‘अंदाजे 1,100 चौ. फूट’ असे आहे. माझ्या मोजणीप्रमाणे 212 गुणिले सरासरी सहा, म्हणजे 1,272. मिळकत पत्रिकेवर हेच क्षेत्र 118 चौ. मी. असे आहे, ती कुणीही पैसे भरून काढू शकतो. मग 172 चौरस फूट गेले कुठे?

दोन दिवस यावर डोके घातले आणि तिसऱ्या दिवशी टेप घेऊन बोळात गेलो. जिना 14 फूट लांब, तीन फूट रुंद: 42. टाकी 10 बाय 6: 60. पलीकडे आणखी एकाने स्वयंपाकघर बाहेर काढले आहे, ते 13 बाय 5: 65. बेरीज 167. म्हणजे ज्या जागेवर अतिक्रमण आहे ती जागा क्षेत्रातून आधीच वजा केलेली आहे. उरलेल्या मोकळ्या जागेचे पैसे घ्यायचे आणि बळकावलेली जागा बिनपैशाची सोडून द्यायची! हे कुणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. कुणीतरी मोकळी दिसली तेवढी जागा पावलांनी मोजली असेल आणि खाली ‘अंदाजे’ लिहिले असेल. पण जमिनीच्या कागदात ‘अंदाजे’ आले की गरीब माणसाची जमीन कमी भरते आणि पैसेवाल्याची जास्त, एवढे मी 34 वर्षांच्या नोकरीत पाहिले आहे.

माहिती अधिकारात मी नगरपरिषदेच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीचा उतारा मागितला. उत्तर आले की या बोळाची नोंद आढळून येत नाही. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर धारक म्हणून नगरपालिकेचे नाव आहे, आणि नगरपालिकेच्या स्वतःच्या वहीत ती जागाच नाही. आपल्या घरात काय आहे ते ठाऊक नसलेला माणूस घर विकायला बाजारात उभा राहिला, तर गिऱ्हाईक त्याला काय भाव देईल?

यात माझाही एक जुना दोष आहे, तोही सांगतो. 1987 साली तो जिना तिथे होताच, फक्त तेव्हा लाकडी होता. घरातल्या आजींनी मला ताक दिले आणि ‘पोरा, एवढा जिना तेवढा वगळ’ म्हणाल्या. मी वगळला नाही, नकाशावर काढला. पण वरिष्ठांना विचारले की हा पालिकेच्या जागेत येतो, काय लिहू? ते म्हणाले, ‘जाग्यावर आहे ते दाखव, कुणाचे ते चौकशी अधिकारी बघतील.’ चौकशीच्या दिवशी नगरपालिकेतर्फे कुणी आलेच नाही. बोळ पालिकेच्या नावावर लागला, पण त्यातल्या जिन्याबद्दल चकार शब्द नोंदला गेला नाही. मुदतीच्या 1963 च्या कायद्यात सार्वजनिक रस्त्याचा ताबा परत मागायला स्थानिक संस्थेला 30 वर्षे दिली आहेत. 1987 ला 30 मिळवा. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर तो जिना 2017 साली ‘पिकला’. कोर्टात तसा दावा टिकेल की नाही ते कोर्ट ठरवील. बोळ हा रस्ता आहे की नाही यावरही वकील दिवसभर भांडतील. पण एवढ्या काळात नगरपालिकेने एक दावा जरी लावला असता, तर आज तीन-तीन फुटांच्या वाटणीची भाषा निघाली नसती.

वाटणीबद्दलही बोलतो. बोळ पश्चिमेकडे, ओढ्याच्या दिशेने उतरता आहे. दोन्ही बाजूंच्या 14 घरांच्या पागोळ्या त्यात पडतात. मधे भिंत आली, वरच्या चार घरांनी आपापले तीन फूट फरशीने उचलले, की जुलैतले पाणी खालच्या घरांच्या मोऱ्यांतून आत शिरणार. खालची घरे म्हणजे भाडेकरूंची दोन घरे, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे घर आणि एक बंद वाडा, ज्याचे मालक पुण्यात असतात. यांच्यापैकी कुणाचीही हरकत मागवलेली नाही. भाडेकरू तर धारक नाहीत, त्यांना कोण विचारणार?

बोळ कधीच विकू नये, असे माझे म्हणणे नाही. आमच्या गावात खरोखर निरुपयोगी झालेल्या चिंचोळ्या पट्ट्या आहेत, आणि त्या लगतच्या माणसाशिवाय कुणाच्या उपयोगाच्या नाहीत. सहा फुटी बोळाचा जाहीर लिलाव करा म्हणणारे सोशल मीडियावर बरेच दिसले. सहा फूट रुंदीचा प्लॉट घेऊन बाहेरचा माणूस काय करणार, हे त्यांनी सांगावे. पण लिलाव होत नसेल तर किंमत तरी नीट ठरवा. पट्टी मूळ प्लॉटला जोडली की तिचे क्षेत्र चटई निर्देशांकात, म्हणजे किती बांधकाम करता येईल त्या हिशेबात, धरता येते. मागे तीन फूट मिळालेल्या माणसाला वर जास्तीची खोली चढवता येईल. त्या पट्टीची त्याला असलेली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत एक नव्हे. हा हिशेब नगररचना विभागाकडून करून घ्यावा लागतो. सभागृहात एका सदस्याने ‘दर वाजवी वाटतो’ म्हणणे म्हणजे मूल्यांकन नव्हे.

आणि मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून, फी भरून, हद्द कायम मोजणी मागवायची, लगतच्या सगळ्या धारकांना नोटिसा द्यायच्या आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात आल्यावर सभेपुढे विषय घ्यायचा. तोवर जिना आणि टाकी यांचे काय करायचे, ते अतिक्रमण म्हणून ठरवायचे. विक्रीत बुडवून टाकायचे नाही. त्या दोघांना आपापसांत मालकीचा वाद असेल तर दिवाणी कोर्ट आहे. घरपट्टीच्या पावत्या पाहून मालक कोण ते ठरवायचे काम नगरपरिषदेचे नाही, आणि घरपट्टी भरली म्हणून कुणी मालक होतही नाही. त्या सभेत एका सदस्याने पावत्यांचा गठ्ठा उंचावून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या, म्हणून हे लिहावे लागते.

त्याच सभेतला नववा विषय सफाई कामगारांच्या घरांचा होता. श्रमसाफल्य योजनेत 25 वर्षे सेवा झालेल्या कामगारांना हक्काचे घर मिळते. त्यावर ‘जागा उपलब्ध नसल्याने विषय तहकूब’ असे लिहिले गेले. बोळाच्या 1,272 फुटांत त्यांची घरे बसणार नाहीत, हे मला कळते. पण नोंदवहीत नसलेल्या आणखी किती जागा गावात आहेत, हे कुणी शोधले आहे का?

जिल्हाधिकाऱ्यांना कलम 308 खाली नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते. तसा अर्ज मी परवा पोच घेऊन दिला आहे. सोबत वहीच्या दोन पानांच्या छायाप्रती जोडल्या आहेत. मोजणी झालीच तर भूमापकाला एक सांगा. पूर्वेच्या तोंडाशी मी तेव्हा हद्दीचा दगड बसवला होता. आता तो दिसत नाही, त्यावर कुणीतरी पाण्याच्या मोटारीचा ओटा बांधला आहे. ओटा डाव्या कोपऱ्यात हातभर फोडला तर दगड तिथेच सापडेल.

– एक निवृत्त परिरक्षण भूमापक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये.)