मानेवरही हात फिरवा

महोदय,
माझ्या वडिलांना मधुमेह होऊन वीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लागेना, स्कूटरवर मान वळेना. स्पॉन्डिलायटिस समजून आम्ही पट्टाही बांधला! शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी मानेमागची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. धरताच येईना, इतकी जाड आणि घट्ट. हा स्क्लेरेडिमा, मधुमेहात होऊ शकणारा त्वचेचा आजार. त्वचेत कोलॅजन हे प्रथिन साठत जातं. दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. साखर आटोक्यात आली तरी कातडी मऊ होईलच असं नाही. सध्या अतिनील किरणांचे उपचार आणि व्यायाम चालू आहेत. पुण्यात मधुमेह शिबिरांना तोटा नाही. तिथे डोळे, पाय तपासतात, तशी मान आणि पाठही तपासावी.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे