पोलीस पंधरा दिवस, मग पुढे काय?

शाळा उघडल्यावर पंधरा दिवस शाळांसमोर वाहतूक पोलीस उभे राहणार ही बातमी वाचली, निर्णय चांगलाच आहे, पण सोळाव्या दिवशी काय? पोलीस दिसला की गाड्या हळू होतात, तो गेला की परत तेच, आणि शाळा सुटताना रिक्षा, व्हॅन, पालकांच्या टू-व्हीलर यांच्या गर्दीतून पहिली-दुसरीतली पोरं वाट काढत असतात, त्यांचं डोकं गाडीच्या बॉनेटच्या वर पण दिसत नाही.

म्हणून रस्त्यातच बदल करा. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमात स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितलाय, ज्यावरून २५ च्या स्पीडने गाडी आरामात जाते. आपल्याकडे मात्र रातोरात डांबराचा उंचवटा टाकतात, ना पट्टे ना बोर्ड, त्याने कंबर मोडते आणि बाईकवाले कडेच्या फटीतून तसेच सुसाट निघतात. शिवाय रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी आणि वाहनं एकत्र असतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा ठेवा असं स्पष्ट म्हटलंय.

पालिकेने प्रत्येक शाळेच्या गेटसमोर नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर आणि उंच झेब्रा क्रॉसिंग दिवाळीच्या सुट्टीत करून घ्यावं, आणि पोलीस शाळा भरताना-सुटताना वर्षभर ठेवावेत.

– एक पालक