सोयीच्या अर्जाला टक्केवारी कशाला?

प्रति,
मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय,

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या तालुका कार्यालयांत दिव्यांग कर्मचाऱ्याने कामात सोय मागितली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आधी चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आणा, मग पाहू." दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ही अट कलम ३४ च्या नोकरीतील आरक्षणाला आहे. कामाच्या जागी करून द्यायची वाजवी सोय कलम २०(२) खाली येते, तिथे टक्केवारी नाही. परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या विकाश कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा फरक स्पष्ट केला.

मार बसतो तो न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाला. सिकलसेल हा रक्ताचा आजार कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत आहे, नोकरीच्या आरक्षणात नाही. म्हणजे या कर्मचाऱ्याला आधार कलम २० चाच. मे महिन्यात वनरक्षकाला भर दुपारी गस्तीवर धाडले की अंगातले पाणी आटते, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. थंडीत नाक्यावरच्या रात्रपाळीतही तेच. गस्त सकाळी सहा ते दहा ठेवा, सोबत पाण्याचा कॅन द्या, डिसेंबर-जानेवारीत रात्रपाळी लावू नका. याला वेगळा निधी लागत नाही. कळ आली की रजेसाठी दर वेळी जिल्हा रुग्णालयाचा नवा कागद मागतात. आजार जन्माचा आहे, तो दर महिन्याला काय सिद्ध करायचा?

अध्ययन अक्षमता असलेल्या लिपिकाकडून आवक-जावक नोंदवहीत १६२५ चे १६५२ होते, फोनवर घाईत सांगितलेले अर्धे निसटते. आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून द्यावा, आकडे दुसऱ्याने पडताळावेत. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) कर्मचाऱ्याचे टेबल गर्दीच्या दारापासून हलवावे. होते काय, तर गोपनीय अहवालात "हलगर्जी" असा शेरा.

कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी करायची आहे. मेख इथेच आहे. तक्रार साध्या आवकेत टाकली, वेगळ्या नोंदवहीत चढवलीच नाही, की मुदत सुरूच होत नाही. पुढे जिल्हास्तरीय समितीकडे न्यायला हातात क्रमांकही नसतो.

म्हणून परिपत्रक काढा. सोयीच्या अर्जात टक्केवारीचा रकाना नको. तक्रारीला त्याच दिवशी क्रमांक मिळावा. ज्याने सोय नाकारली किंवा शेरा लिहिला, तोच चौकशी अधिकारी नसावा. वनपरिक्षेत्र कार्यालये आणि पंचायत समित्यांपर्यंत हे परिपत्रक एप्रिलच्या आत पोहोचू द्या. मेची गस्त त्याच सुमारास लागते.

आपले,
दिव्यांग कर्मचाऱ्यांसोबत काम करणारे काही कार्यकर्ते,
पूर्व विदर्भ