‘कार्तिक कृष्ण त्रयोदशी’ म्हणजे नेमका कोणता दिवस?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘कार्तिक कृष्ण त्रयोदशी’ हे तीन शब्द मराठी माणसाने वाचले की त्याला आळंदी आठवते. शके १२१८ मध्ये याच तिथीला ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेतली. हेच तीन शब्द काशी, प्रयाग किंवा जयपूरच्या पंचांगात वाचले तर तो दिवस धनत्रयोदशीचा असतो. दोन्ही दिवसांत पूर्ण एका चांद्रमासाचे अंतर आहे. तरीही हिंदी मजकुरावरून घाईघाईने केलेल्या मराठी लेखांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत ‘धनत्रयोदशी कार्तिक कृष्ण त्रयोदशीला येते’ असे छापले जाते आणि वाचक गोंधळतो. आपल्याकडे धनत्रयोदशी आश्विन वद्य त्रयोदशीला असते. ही चूक टाळणे अगदी सोपे आहे आणि ती वृत्तपत्राच्या टेबलावरच अडवता येते. म्हणून हे पत्र.

मूळ फरक एकच आहे. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणात चांद्रमहिना अमावास्येला संपतो. ही अमान्त पद्धत. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणा, उत्तराखंड या पट्ट्यात महिना पौर्णिमेला संपतो; ती पौर्णिमान्त पद्धत. आपल्या महिन्यात शुद्ध (शुक्ल) पक्ष आधी आणि वद्य (कृष्ण) पक्ष नंतर, त्यांच्या महिन्यात कृष्ण पक्ष आधी आणि शुक्ल पक्ष नंतर. शुक्ल पक्षाला दोन्हीकडे एकाच महिन्याचे नाव आहे. कृष्ण पक्षाला मात्र आपण मागच्या शुद्ध पक्षाचे नाव देतो आणि ते पुढच्या शुक्ल पक्षाचे. त्यामुळे कृष्ण पक्षात त्यांचे महिन्याचे नाव आपल्यापेक्षा एकाने पुढे असते. चंद्र तोच, तिथी तीच, उपासाचा दिवसही तोच.

म्हणूनच गणेश चतुर्थी, रामनवमी, दसरा या सणांबद्दल कधी घोटाळा होत नाही. ते सगळे शुद्ध पक्षातले आहेत. अडचण वद्य पक्षातल्या दिवसांची. गोकुळाष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. महाशिवरात्र आपल्याकडे माघात, त्यांच्याकडे फाल्गुनात. पितृपक्ष आपला भाद्रपदातला, त्यांचा आश्विनातला. लक्ष्मीपूजनाची अमावास्या आपली आश्विनातली, त्यांची कार्तिकातली. तुकाराम बीज आपण फाल्गुन वद्य द्वितीयेला पाळतो; उत्तरेच्या पंचांगात त्या दिवशी चैत्र लागून दोन दिवस झालेले असतात.

हिंदीतून तिथी उतरवून घेताना आधी पक्ष पाहावा. शुक्ल असेल तर काहीच बदलू नये. कृष्ण असेल तर महिन्याचे नाव एकाने मागे घ्यावे आणि तिथीचा आकडा तसाच ठेवावा. शेवटी इंग्रजी तारीख मराठी पंचांगाशी ताडून पाहावी. तारीख जुळली तर रूपांतर बरोबर. चुका दोन ठिकाणी होतात. ‘हिंदी महिना एकाने पुढे असतो’ एवढेच कुणीतरी लक्षात ठेवतो आणि शुक्ल पक्षातलाही महिना मागे नेतो, मग रक्षाबंधन आषाढात जाते. दुसरी चूक अमावास्येची. ती कृष्ण पक्षाचीच शेवटची तिथी आहे हे विसरून महिना तसाच ठेवला जातो. पोळ्याची अमावास्या आपली श्रावणातली. हिंदीवरून घेतली की ती ‘भाद्रपद अमावास्या’ होते आणि आपल्याकडे भाद्रपद अमावास्या म्हणजे सर्वपित्री! बैलाच्या सणाला सर्वपित्रीची तिथी छापून येणे शेतकरी वाचकाला फार खटकते.

सर्वात जास्त गोंधळ श्रावणाचा होतो, कारण तो थेट ताटाशी आणि प्रवासाशी जोडलेला आहे. २०२५ सालचे उदाहरण घ्या. उत्तरेचा सावन ११ जुलैला सुरू झाला आणि ९ ऑगस्टला राखीपौर्णिमेला संपला. आपला श्रावण २५ जुलैला लागला आणि २३ ऑगस्टला अमावास्येने संपला. त्यांचे सोमवार १४, २१ व २८ जुलै आणि ४ ऑगस्ट. आपले २८ जुलै आणि ४, ११ व १८ ऑगस्ट. दोघांचे सामाईक सोमवार फक्त दोन. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी खरी गर्दी तिसऱ्या श्रावणी सोमवारी होते. त्या वर्षी तो सोमवार ११ ऑगस्टला होता आणि तोवर उत्तरेचा सावन संपूनही गेला होता. हिंदी तक्त्यातला ‘तिसरा सोमवार’ २८ जुलैचा. तो पाहून एसटीचे आरक्षण करणारा दोन आठवडे आधी नाशकात पोहोचतो. उलट बाजूने, मुंबई-पुण्यातल्या एकाच सोसायटीत हिंदी भाषक घरातले मटण ११ जुलैपासून बंद आणि शेजारच्या मराठी घरात २४ तारखेच्या दीप अमावास्येपर्यंत चालू, हे दृश्य नेहमीचे आहे. यात कुणीही धर्म मोडत नाही. शेजाऱ्यांना एवढे कळले तरी जिन्यातली कुजबूज थांबेल.

उज्जैनला महाकाळाच्या सवाऱ्या निघतात, त्यांची यादी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २०२५ मध्ये त्या १४ जुलैपासून १८ ऑगस्टपर्यंत सहा सोमवारी निघाल्या. पहिले चार सोमवार उत्तरेच्या सावनातले, शेवटचे दोन त्यांच्या गणनेने भादोतले (भाद्रपदातले) आणि आपल्या गणनेने श्रावणातले. दोन्ही श्रावण पूर्ण झाकणारी अशी यादी दुसरीकडे क्वचितच सापडेल. हे नगर दीर्घकाळ शिंद्यांच्या राज्यात होते, हे लक्षात घेतले की दोन्ही गणना तिथे इतक्या सहज का नांदतात ते उमगते.

मात्र प्रत्येक फरक नावाचा नसतो, आणि नेमकी इथेच जास्त काळजी घ्यावी लागते. वटसावित्रीचे व्रत महाराष्ट्रात आणि गुजरातेत ज्येष्ठ पौर्णिमेला असते. उत्तरेत ते अमावास्येला असते. ती त्यांची ज्येष्ठ अमावास्या, म्हणजे आपली वैशाख अमावास्या. इथे दिवसच वेगळा आहे. २०२५ मध्ये उत्तरेचे व्रत २६ मे रोजी होते आणि आपली वटपौर्णिमा १० जूनला. हिंदी वाहिनीवर वडाच्या पूजेची दृश्ये दिसली की दरवर्षी आपल्याकडे फोनाफोनी होते, ती यामुळेच. नागपंचमीही तशीच. महाराष्ट्रात आणि उत्तरेत ती श्रावण शुद्ध पंचमीला असते, तर गुजरातेत श्रावण वद्य पंचमीला, पंधरा दिवसांनी. हनुमान जयंती आपली चैत्र पौर्णिमेला, तेलुगू प्रदेशात वैशाख वद्य दशमीला आणि तमिळनाडूत मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास. अशा ठिकाणी रूपांतर करायचेच नसते. ‘उत्तरेत आज, आपल्याकडे अमुक दिवशी’ असे सरळ लिहावे.

‘तीज’ या शब्दाचे हाल तर विचारू नका. हिंदीत तीन तीज आहेत. हरियाली तीज श्रावण शुक्ल तृतीयेला, कजरी तीज त्यांच्या भाद्रपद कृष्ण तृतीयेला, म्हणजे आपल्या श्रावण वद्य तृतीयेला, आणि हरतालिका तीज भाद्रपद शुक्ल तृतीयेला. २०२५ मध्ये त्या अनुक्रमे २७ जुलै, १२ ऑगस्ट आणि २६ ऑगस्टला होत्या. अनुवाद करणारा तिन्हींना ‘हरतालिका’ म्हणून मोकळा होतो आणि जुलैमध्येच वाळूच्या सखी-पार्वतीचे छायाचित्र छापून येते. याउलट करवा चौथ आपल्याला पूर्ण परकी वाटते, पण तो दिवस म्हणजे आपल्या आश्विनातली संकष्टी. दोन्हीकडे दिवसभर उपास आणि चंद्रोदयानंतर जेवण. तिकडे नवऱ्याच्या आयुष्यासाठी, इकडे गणपतीसाठी. चंद्रोदयाची वेळ एकाच गावी दोघींना एकच लागते, तेव्हा ती एकाच चौकटीत छापता येईल.

अधिक मास आला की दोन्ही पद्धतींतला सांधा उघडा दिसतो. बारा चांद्रमासांचे सुमारे ३५४ दिवस आणि सौरवर्षाचे ३६५. दरवर्षी अकरा दिवसांची ही तूट साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जादा धरून भरून काढतात. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत, म्हणजे सूर्याचा पुढच्या राशीत प्रवेश, येत नाही तो अधिक. हा महिना अमावास्येनंतर सुरू होऊन पुढच्या अमावास्येला संपतो, आणि उत्तरेतही तो तसाच धरतात. म्हणजे पौर्णिमान्त पद्धतीत तो नेहमीच्या महिन्याच्या बरोबर मध्ये शिरतो: आधी निज (नेहमीच्या) महिन्याचा कृष्ण पक्ष, मग पूर्ण अधिक मास, मग निज महिन्याचा राहिलेला शुक्ल पक्ष. २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता. उत्तरेचा सावन त्यामुळे ४ जुलैपासून ३१ ऑगस्टपर्यंत लांबला आणि त्यांना आठ सोमवार मिळाले. आपण अधिक बाजूला ठेवून १७ ऑगस्टपासून निज श्रावण धरला आणि २१ व २८ ऑगस्ट, ४ व ११ सप्टेंबर असे चारच सोमवार केले. तेव्हा ‘यंदा आठ श्रावणी सोमवार’ असे मराठीत छापणे चुकीचे होते. २०२६ चा अधिक ज्येष्ठ (१७ मे ते १५ जून) वटसावित्रीच्या दोन दिवसांच्या मध्येच येतो. उत्तरेचे व्रत १६ मे रोजी आणि आपली वटपौर्णिमा २९ जूनला. एरवीचे पंधरा दिवसांचे अंतर अशा वर्षी ४४ दिवसांचे होते.

अमान्ताची आणखी एक खूण उत्तरेच्या पंचांगात टिकून आहे. तिथेही अमावास्येपुढे ३० हा आकडा छापतात आणि पौर्णिमेपुढे १५, महिना पौर्णिमेला संपत असूनही. वर्षही तिथे चैत्राच्या पहिल्या दिवशी बदलत नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा चैत्र लागतो, पण नवा विक्रम संवत चैत्र शुक्ल प्रतिपदेला, म्हणजे आपल्या पाडव्यालाच सुरू होतो. चैत्राचा अर्धा भाग जुन्या वर्षात आणि अर्धा नव्या वर्षात.

वर्षाच्या आकड्यासाठी विक्रम संवतातून १३५ वजा केले की शक मिळतो: २०८२ उणे १३५ म्हणजे १९४७. गुजरातेत सावध राहावे. त्यांचे महिने आपल्यासारखे अमान्त असले तरी संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो. म्हणून चैत्र ते आश्विन गुजराती आकडा उत्तरेपेक्षा एकाने कमी असतो आणि तेवढ्या काळात १३४ वजा करावे लागतात.

इतिहासाच्या पानावर हीच गोष्ट अधिक गंभीर होते. राजस्थानी कागदांतली कृष्ण पक्षातली तिथी मराठी शकावलीशी (शकवार घटनांच्या नोंदीशी) ताडताना महिना एकाने मागे घेतला नाही, तर एकच घटना दोन वेगळ्या महिन्यांत घडल्यासारखी दिसते. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही शिवजन्माची तिथी उत्तरेच्या गणनेने चैत्र कृष्ण तृतीया होते. हे माहीत नसलेला वाचक ‘आणखी एक जन्मतिथी सापडली’ म्हणून वाद घालत बसतो.

वृत्तपत्रात तारखेजवळ ‘भारतीय सौर’ दिनांक छापतात, तो तिसराच श्रावण. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत श्रावण २३ जुलैला सुरू होतो आणि ३१ दिवसांचा असतो. चंद्राशी त्याचा संबंध नाही. त्या ओळीपुढे ‘सौर’ हा शब्द कधीही गाळू नये. वेगळ्या गणिताने काढलेले टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत अधिक मास कधीकधी वेगळा येतो, त्याचाही दिनविशेषात उल्लेख व्हावा.

परदेशातले मराठी वाचक आपली इ-आवृत्ती पाहतात, त्यांच्यासाठी एक ओळ पुरेशी आहे. तिथी जगभर एकाच क्षणी बदलते, घड्याळे वेगळी असतात. भारतात मंगळवारी पहाटे पाचला चतुर्थी लागली तर उन्हाळ्यात न्यू जर्सीत ती सोमवारी सायंकाळी साडेसातलाच लागलेली असते. तिथल्या संकष्टीचा दिवस तिथल्या चंद्रोदयावरून ठरवावा लागतो. पुण्याची वेळ उतरवून उपयोग नाही.

आपल्याकडे विनंती एवढीच. सण-उत्सवांच्या मजकुरात वद्य पक्षातली तिथी आली की ती मराठी पंचांगावरून तपासल्याशिवाय पान सोडू नये. हिंदी भाषक वाचकही आपला अंक घेतात, तेव्हा त्यांच्या गणनेचा महिना ‘उत्तरेत भाद्रपद कृष्ण ८’ असा बारीक टंकात शेजारी द्यावा. आणि आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा काशी विश्वनाथाच्या रांगांची छायाचित्रे येऊ लागतात, तेव्हा पहिल्या पानावर एक ओळ छापावी: ‘उत्तर भारतात आजपासून श्रावण, महाराष्ट्रात श्रावण आषाढ अमावास्येनंतर’, आणि पुढे त्या वर्षीची तारीख.

आपला नम्र,
पंचांगाचा एक अभ्यासक, सोलापूर