बाबांचं तुझ्यात आलंय का, विचारलंस ना

प्रिय सोनू,

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, बाबा शेजारीच बसलेले. डॉक्टर बाईंनी विचारलं घरात कोणाला असा पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा त्रास, आहे का, आणि तू म्हणालास नाही. बाळा, आहे.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा तुझे बाबा समुद्रात होते, तू लहान होतास. बोट परत आली पण पुढची कितीतरी वर्षं रात्री वारा सुटला की हे उठून बसायचे, घामाने चिंब, आणि सकाळी विचारलं तर म्हणायचे गरम होत होतं. मी पण गप्प बसले, हर्णैला अशा गोष्टी कोण बोलतं. आता तुझं ऐकते, चिपळूणच्या पुराला म्हणजे २०२१ च्या २२ जुलैला गच्चीवर रात्र काढलीस, आणि आता पुण्यात साधा पाऊस पत्र्यावर वाजला तरी छाती धडधडते, तेव्हा मला तेच दिसतं.

म्हणून मी वाचून काढलं. हा रक्तातूनच येणारा आजार नाही, धोका थोडा जास्त असू शकतो एवढंच, आणि एकच असं कुठलं जीन नाही, पुष्कळ जीन्सचा थोडा थोडा हात असतो. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या जुळ्या भावांच्या हजारो जोड्या तपासल्या, १९९३ ला छापून आलं, त्यात साधारण ३० टक्के वाटा आनुवंशिक निघाला. बाकीचा माणसावर काय गुजरलं आणि नंतर कोण सोबत होतं त्याचा. आणि असं काही भोगलेल्या बहुतेकांना हा त्रास होतही नाही.

२००२ चा एक अभ्यास मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. एक भाऊ युद्धात गेलेला, दुसरा एकसारखा जुळा घरीच राहिलेला, आणि ज्याला त्रास जास्त त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस लहान, पण घरी राहिलेल्या भावाचा पण लहानच! म्हणजे ते आधीपासूनच तसं असावं. हिप्पोकॅम्पस सांगतो की हे तेव्हाचं आहे, आत्ताचं नाही. अमिग्डला म्हणजे मेंदूतला धोक्याचा भोंगा, आणि कपाळामागचा भाग त्याला गप्प करतो. तुझा भोंगा पटकन वाजतो आणि गप्प करणारा उशिरा पोचतो, यात तुझी भित्री वृत्ती कुठे आली रे? बाबांना पण लोक भित्रा म्हणाले होते दोन सीझन, मी विसरले नाहीये.

गोळ्या आहेत, पण बोलून, हळूहळू त्या आठवणीत परत जाऊन करायची थेरपी चांगली लागू पडते, पाऊस वाजतो आणि काहीच होत नाही हे मेंदू नव्याने शिकतो. मध्येच सोडू नकोस, सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटतो. रात्री फारच झालं तर १४४१६ वर टेली मानस आहे, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, आणि मी आहेच, कितीही वाजता कर.

पुढच्या वेळी डॉक्टर बाईंना बाबांचं सांग, मी बाबांना विचारलंय. काल जेवताना सगळं वाचून दाखवलं, ते बराच वेळ भात चिवडत बसले, मग म्हणाले, तो जातो ती बाई रत्नागिरीला पण बसते का ग?

तुझी आई