पाच सेकंदांचे कोडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संकेतस्थळ संथ उघडले की खापर ‘नेट’वर फुटते; नावावरून आयपी पत्ता (जाळ्यातील संगणकाचा क्रमांक) शोधून आणणाऱ्या ‘रिझॉल्व्हर’ रूटीन्सकडे, म्हणजे प्रोग्रामच्या तयार तुकड्यांकडे, कुणी पाहत नाही. आमच्या कार्यालयातील बिलांचा प्रोग्राम प्रत्येक जोडणीला बरोबर पाच सेकंद थबकत असे. लिनक्समधील ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही फाइल उघडली, तर पहिल्याच ओळीत केव्हाच बंद पडलेल्या नेमसर्व्हरचा (नावांचे पत्ते सांगणाऱ्या संगणकाचा) पत्ता! रिझॉल्व्हर आधी त्यालाच विचारायचा, पाच सेकंद वाट पाहायचा आणि मगच दुसऱ्याकडे वळायचा. ओळ काढली, कटकट संपली.

याहून गंभीर बाब २०१६ मध्ये उघड झाली. ‘जीलिबसी’ या लिनक्सवरील लायब्ररीतील (तयार रूटीन्सच्या संग्रहातील) ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ हे रूटीन नेमसर्व्हरच्या उत्तरासाठी २०४८ बाइटांची जागा राखत असे. त्याहून मोठे उत्तर मुद्दाम पाठवून संगणकाचा ताबा घेता येईल, अशी ही चूक २००८ पासून तशीच पडून होती. योगायोग असा, की याच कामाचे जुने रूटीन ‘गेटहोस्टबायनेम’ हे पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकातून वगळले गेले तेही २००८ मध्येच, तरी नव्या मुलांच्या प्रोग्राममध्ये ते मला अजून दिसते. महाविद्यालयांनी ते प्रात्यक्षिकांतून तरी काढावे.

आपला,
एक प्रोग्रामर, पुणे