संजीवनीचा गोळा

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही इंदूरहून पचमढीला जाऊन आलो. रस्त्याकडेच्या एका टपरीवर मुठीएवढे वाळके तपकिरी गोळे 'संजीवनी बूटी' म्हणून विकायला होते. हौसेने एक घेतला. घरी वाडग्यात पाणी घालून ठेवला, तर सकाळपर्यंत मूठ उलगडून हिरवीगार झाली! नातवंडे खूश. मला मात्र खाली लोंबणारी मुळे दिसली. म्हणजे रोप कपारीतून मुळासकट उपटलेले. (घेणारा मीच, तेव्हा एकट्या विक्रेत्याच्या माथी दोष कसा मारू?)

सातपुड्यातल्या या मुलखाला १९९९ मध्ये बायोस्फिअर रिझर्व्हचा (जीवसृष्टी जपण्यासाठीच्या राखीव क्षेत्राचा) दर्जा मिळाला, २००९ मध्ये युनेस्कोनेही त्याला मान्यता दिली. पण बोलणे सगळे वाघाचे. ओलसर दऱ्यांतले वृक्षनेचे (झाडासारखे उंच वाढणारे नेचे, म्हणजे फर्न), खरी मुळेच नसलेला नेच्यांचा नातलग सायलोटम यांना कोण विचारतो? संरक्षणाचा क्रम लावताना नुसते 'दुर्मीळ' म्हणून भागत नाही. रोपे किती जागी उरली, नवी उगवतात का, उपटली किती जातात, हे पाहायला हवे. सागाला दुसरी जंगले आहेत. वृक्षनेचा मध्य भारतात अशा मोजक्या घळींतच तगतो. ओढा आटला की तो संपला.

निदान नागपंचमीला पचमढीजवळच्या डोंगरांत नागद्वारीची यात्रा भरण्याआधी त्या वाटेलगतच्या घळींची पाहणी वनविभागाने करावी आणि टपऱ्यांवरची संजीवनीची विक्री थांबवावी. आमचा गोळा पुन्हा वाळून मिटलाय. टाकवत नाही, म्हणून खिडकीत ठेवलाय.

– एक वाचक, इंदूर